पहिल्या शिडीपासून साल्हेरच्या माथ्यापर्यंत

आपल्या दहावी १९९५ च्या बॅचला तीस वर्षं होणार, म्हणून काहीतरी करू या, असं ग्रुपवर पहिल्यांदा आलं तेव्हा सूचनांचा पाऊस पडला. कुणी गोव्याची सहल म्हणालं, कुणी शाळेला पाण्याची टाकी म्हणालं, कुणी नुसतेच हात जोडलेले पाठवले. शेवटी आपल्या मॉनिटरने लिहिलं, "वर्षभरात महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर आणि सगळ्यांत उंच किल्ला. कळसूबाई आणि साल्हेर. जमेल तेवढ्यांनी, पण एकत्र. पैज लावतो, निम्मेही येणार नाहीत."

पैज म्हटल्यावर सगळे जागे झाले. मी दिवसाचे दहा तास खुर्चीत बसून संगणकाशी बोलणारी बाई. गुडघा कुरकुरतो, जिना चढताना मोजून चढते. तरी पहिल्या पाचांत मी "येणार" लिहिलं. त्यामागे एक जुनी गोष्ट होती, आणि बॅचमधल्या मुलींना ती लगेच कळली.

डिसेंबर १९९३. आपण नववीत होतो आणि शाळेची सहल कळसूबाईला गेली होती. बारी गावात एस.टी. लागली, रांगा झाल्या, आपण चढायला लागलो. पहिल्या लोखंडी शिडीपाशी सगळ्यांना थांबवलं आणि सांगितलं, "मुलींनी इथेच बसायचं. मुलं वर जाऊन येतील." कारण कुणी सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही. त्या काळी असं विचारायची पद्धतच नव्हती. मुलं वर गेली. आम्ही बावीस मुली खडकांवर बसून डबे उघडू लागलो. आमच्या सोबत इतिहासाच्या बाई थांबल्या.

बाई जरा वेळ गप्प होत्या. मग त्यांनी कळसूची गोष्ट सांगायला घेतली. ही कथा त्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. कळसू ही कोळ्याची पोर. ती पाटलाच्या घरी कामाला राहिली, पण अट घालून. बाकी सगळं काम करीन, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एकदा घरात पाहुणे फार झाले आणि तिला नको तेच काम करायला लावलं. ती उठली, डोंगर चढून गेली आणि परत आलीच नाही. वरचं देऊळ तिचं. गोष्ट संपल्यावर बाई हसून म्हणाल्या, "जिच्या नावाचा डोंगर, ती कुणाला विचारून वर गेली नव्हती. आज राहिलं तर राहू द्या. पुढे तुमच्या पायांनी या. आणि हा झाला की साल्हेरला जा. तिथे गेल्याशिवाय साल्हेर कळत नाही."

साल्हेर हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकलं. पुढे सहामाहीच्या पेपरात मी साल्हेरची लढाई किल्ल्यावर झाली असं ठोकून दिलं. बाईंनी अर्धा मार्क कापला आणि समासात लाल शाईने लिहिलं, "किल्ला पाहून ये." तो अर्धा मार्क मला तीस वर्षं टोचत होता म्हटलं तर माझी मुलगी हसते. पण आपल्यापैकी पुष्कळांचे असे अर्धे मार्क कुठे ना कुठे राहिलेले असतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही चौदा जण बारीत पोचलो. सात बायका, सात पुरुष. म्हणजे मॉनिटर पैज जिंकला, कारण निम्मेही आले नव्हते. पण चौदा म्हणजे काही कमी नाहीत. पहाटे साडेपाचला बॅटऱ्या लावून निघालो. पहिल्या शिडीपाशी पोचलो तेव्हा उजाडत होतं. आम्ही सातही जणी तिथे नकळत थांबलो. कुणी काही बोललं नाही. मग एकीने गजाला हात लावला, कपाळाला लावला आणि चढायला लागली. बाकीच्या तिच्या मागून.

कळसूबाईबद्दल फार लिहीत नाही, आपल्यातले बरेच जण जाऊन आलेले आहेत. उंची १६४६ मीटर. वाटेत लिंबू सरबत आणि भजी मिळतात, शेवटच्या टप्प्याआधी विहीर आहे, वर इवलंसं देऊळ आहे. माथ्यावरून दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी चमकतं, पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे तिघे खांद्याला खांदा लावून उभे दिसतात. आम्ही वर पोचलो, देवीला ओटी भरली, फोटो काढले. आमच्यातली एक जण देवळाच्या पायरीवर बसून रडली. तिला कुणी कारण विचारलं नाही.

खरी गोष्ट साल्हेरची आहे.

साल्हेर नाशिक जिल्ह्यात, बागलाण तालुक्यात, गुजरातच्या डांगच्या सीमेला लागून. उंची १५६७ मीटर, म्हणजे कळसूबाईहून फक्त ७९ मीटर कमी. जाण्याआधी मी महिनाभर वाचत होते. नकाशा समोर ठेवून वाचायची सवय मला नोकरीने लावली. एखादी गोष्ट जिथे आहे तिथे का आहे, हे कळल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तेव्हा आधी तेच सांगते.

बागलाण हा डोंगराळ मुलूख बागुल राजांचा. त्यांची गादी मुल्हेरला. सुरतेच्या बंदरातून दख्खनकडे आणि बुऱ्हाणपूरकडे जाणारा माल ज्या वाटांनी जायचा, त्या वाटांवर या मुलखातल्या किल्ल्यांची नजर होती. म्हणूनच औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना १६३८ मध्ये मोगलांनी बागलाण घेतलं.

आता १६७० सालात येऊ. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले द्यावे लागले होते, १६६६ मध्ये आग्र्याहून सुटका झाली होती, आणि मग तीनेक वर्षं शांततेत गेली. १६७० च्या सुरुवातीला महाराजांनी पुन्हा उठावणी केली. फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला. ऑक्टोबरमध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटली गेली. परत येताना वणी-दिंडोरीजवळ दाऊदखानाच्या फौजेशी उघड्या मैदानात लढाई झाली आणि मराठे लुटीसह पार निघून आले. डिसेंबरमध्ये वऱ्हाडात कारंजा लुटलं. आणि जानेवारी १६७१ मध्ये साल्हेर घेतला.

हा क्रम नकाशावर बोट ठेवून पाहिला की साल्हेरचा अर्थ लागतो. सुरत ही एकदा जाऊन यायची जागा होती. साल्हेर हाती आला म्हणजे सुरतेच्या वाटेवर कायमचं ठाणं झालं. पुण्याजवळचा किल्ला परत घेणं वेगळं आणि मोगलांच्या मुलखाच्या दारात जाऊन बसणं वेगळं. मोगल दरबाराला ते खुपणारच होतं.

१६७१ च्या अखेरीस बहादुरखान आणि दिलेरखान चालून आले आणि साल्हेरला वेढा पडला. वेढ्याचं काम इखलासखान मियाना आणि इतर सरदारांवर सोपवून ते दोघे पुढे नगर-पुण्याच्या दिशेने गेले. किल्ल्यात शिबंदी अडकलेली. महाराजांनी दोन माणसांना साल्हेरकडे धाडलं. सरनोबत प्रतापराव गुजर घोडदळ घेऊन एका बाजूने आणि पेशवे मोरोपंत पिंगळे कोकणातून फौज घेऊन दुसऱ्या बाजूने. दोन वेगवेगळ्या वाटांनी निघालेल्या फौजांनी एका वेळी एका ठिकाणी पोचायचं होतं. ना तार, ना फोन. जासुदांच्या पायांवर सगळं चाललेलं. मी ज्या कामात आहे तिथे दोन शहरांतल्या दोन टीम एका तारखेला काम पुरं करताना किती फजिती होते ते रोज बघते. म्हणून या जुळवणीचं मला लढाईइतकंच कौतुक वाटतं.

फेब्रुवारी १६७२ मध्ये साल्हेरच्या परिसरात मैदानात ही लढाई झाली. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत तिचं वर्णन केलं आहे. चार प्रहर युद्ध चाललं, तीन कोसांत आपला-परका ओळखू येईना इतका धुरळा उडाला, दोन्हीकडची मिळून दहा हजार माणसं पडली, असं तो सांगतो. हत्ती, उंट आणि सहा हजार घोडे हाती लागले असंही लिहितो. सभासदाने हे जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिलं, म्हणजे लढाईनंतर वीस-पंचवीस वर्षांनी. त्यामुळे बखरीतले आकडे जसेच्या तसे धरायचे नसतात, हे बाईंनीच आम्हाला शिकवलं होतं. पण धुरळ्याची गोष्ट आकड्याची नाही. ती कुणीतरी पाहिलेली आणि सांगितलेली वाटते.

या लढाईत सूर्यराव काकडे पडले. जंबुरक्याचा, म्हणजे लहान तोफेचा, गोळा लागून. सभासद त्यांना भारतातल्या कर्णाची उपमा देतो. मोगलांकडून राव अमरसिंह चंदावत मारला गेला. इखलासखान जखमी होऊन हाती लागला आणि पुढे त्याला सोडून दिलं. वेढा उठला. लवकरच मुल्हेरही मराठ्यांकडे आला.

साल्हेरचं महत्त्व काय, या प्रश्नाला बाईंना हवं असलेलं उत्तर आता मी देऊ शकते. तोवर मराठ्यांची ख्याती छाप्यांची, रात्रीच्या हल्ल्याची, डोंगरात ओढून नेऊन मारण्याची. मोगलांच्या मोठ्या फौजेशी दिवसाढवळ्या, मैदानात, समोरासमोर लढून तिचा पुरता मोड करता येतो, हे साल्हेरला दिसलं. त्यानंतर दोन वर्षांनी, जून १६७४ मध्ये, राज्याभिषेक झाला. प्रतापराव तो पाहायला राहिले नाहीत. त्याच वर्षी फेब्रुवारीत नेसरीला ते पडले. आणि माझा पेपर चुकला होता तो इथेच. लढाई किल्ल्यासाठी झाली, पण किल्ल्यावर झाली नाही. अर्धा मार्क बरोबर कापला होता.

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही साल्हेरला निघालो. या वेळी अकरा जण. आदल्या रात्री वाघांब्यात मुक्काम केला. ज्यांच्या घरी उतरलो त्या मावशींनी बाजरीची भाकरी, ठेचा आणि उडदाची डाळ वाढली. त्यांचा मुलगा सकाळी वाट दाखवायला आला. अहिराणी वळणाने बोलायचा, आम्हा बायकांना "ताई" आणि पुरुषांना "भाऊ" म्हणायचा, आणि आमच्या बुटांकडे बघून मनात हसत असावा, कारण तो स्वतः साध्या चपलांवर होता.

वाघांब्याहून वाट साल्हेर आणि सालोटा यांच्या मधल्या खिंडीत जाते. तिथवरचा चढ दमवतो. खिंडीतून वर बघितलं की कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि एकामागून एक दरवाजे दिसतात. इथे एक प्रसंग घडला, तो लिहू की नको याचा मी बराच विचार केला. ज्यांच्याबद्दल आहे त्या दोघांनीही "लिही" म्हटलं म्हणून लिहिते.

खिंडीत आमच्या एका मैत्रिणीच्या पोटरीत गोळा आला. कळसूबाईच्या पायरीवर रडली होती तीच. तिला बसवलं, पाय चोळला, मिठाचं पाणी दिलं. अर्धा तास गेला. ऊन चढायला लागलं. मॉनिटर घड्याळाकडे बघून, अगदी चांगल्या मनाने म्हणाला, "मुलींनो, तुम्ही हिच्याजवळ इथेच बसा. आम्ही वर जाऊन येतो."

आम्ही सगळ्या त्याच्याकडे बघत राहिलो. त्याला काही कळेना. शेवटी मी म्हटलं, "अरे, हेच वाक्य आम्ही एकदा ऐकलंय." तरी त्याला आठवेना. तो तेव्हा वर गेला होता ना! जो वर जातो त्याला खाली कोण राहिलं हे आठवत नाही. मग एकीने त्याला शिडीची गोष्ट सांगितली. तो खाली बसला. म्हणाला, "मला वाटायचं, तुम्हालाच यायचं नव्हतं." तीस वर्षं आमच्या वर्गातल्या मुलांना असंच वाटत होतं, हे आम्हालाही त्या दिवशी कळलं.

ठरलं असं की जिला त्रास होतोय ती म्हणेल त्या वेगाने सगळे चालणार. पायऱ्या, दरवाजे, पुन्हा पायऱ्या, डाव्या हाताला कातळ आणि उजवीकडे दरी. दर वीस पायऱ्यांना थांबत, साडेअकराच्या सुमारास आम्ही पठारावर पोचलो. तिथे गंगासागर तलाव आहे, रेणुकादेवीचं देऊळ आहे, गुहा आहेत. माथा तिथून अजून वर, सुळक्यासारखा, त्याच्यावर परशुरामाचं मंदिर. परशुरामाने कोकणासाठी समुद्र हटवायला बाण मारला तो इथूनच, अशी श्रद्धा आहे.

मैत्रीण तलावाच्या काठी बसली आणि म्हणाली, "मी इथे थांबते."

आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. अजून थोडंच राहिलंय, हात धरतो, उचलून नेतो. तिने हाताने थांबवलं. "ऐका. तेव्हा मला थांबवलं होतं. आता मी थांबतेय. यात फरक आहे की नाही? पाय उतरायलाही लागणार आहे. जा तुम्ही. मी बसते पाण्याजवळ."

आम्ही दहा जण वर गेलो. शेवटची चढण अंगावर येणारी आहे, घसाऱ्याची. मी हात टेकत चढले. माथ्यावर वारा इतका की बोललेलं ऐकू येईना. समोर सालोटा, पूर्वेकडे मुल्हेर, मोरा, हरगड, पलीकडे मांगी-तुंगीचे दोन सुळके, उत्तरेला डांगच्या रांगा. आणि खाली सपाट, पिवळट शेतं. वाट दाखवायला आलेला मुलगा हात करून म्हणाला, "लढाई खाली झाली, ताई."

तेवढ्यात खालच्या कच्च्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला आणि त्याच्या मागे धुळीचा लांब पट्टा उठला. एका ट्रॅक्टरचा. हजारो घोडे असते तर काय झालं असतं! वरून बघणाऱ्या शिबंदीला काय दिसलं असेल? धुरळा. आपले आले की नाहीत, जिंकतात की हरतात, काही कळलं नसेल. संध्याकाळी धूळ खाली बसेपर्यंत त्यांनी वाट पाहिली असेल.

तेव्हा मला ती माणसं पहिल्यांदा आठवली. सूर्यरावांचं नाव बखरीत आहे, प्रतापरावांचं आहे, मोरोपंतांचं आहे. किल्ल्यात बसून वेढा सोसणाऱ्या साध्या शिपायांची नावं आपल्याला माहीत नाहीत. पण त्यांनी दरवाजे उघडले असते, तर खाली लढाई कशासाठी झाली असती? ते तगून राहिले, म्हणून प्रतापराव आणि मोरोपंतांना यायला वेळ मिळाला. आणि ते तगले ते कातळात साठवलेल्या पाण्यावर. वरून गंगासागर दिसत होता. काठावर आमची मैत्रीण, लाल ओढणीचा एक ठिपका, बसलेली होती.

खाली आल्यावर मॉनिटर यादी करत बसला. कळसूबाई आणि साल्हेर दोन्ही पूर्ण करणारे किती, ते स्मरणिकेत द्यायचं होतं. त्याने दहा नावं लिहिली, थांबला, आणि अकरावं नाव स्वतःहून लिहिलं. मैत्रीण म्हणाली, "मी माथ्यावर गेले नाही." तो म्हणाला, "पैज 'एकत्र' अशी होती. एकत्र कोण होतं, तेवढंच लिहितोय." हिशेबाची माणसं यावर वाद घालतील. मी स्वतः हिशेबाचीच, पण मी घातला नाही.

त्याच वर्षी जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं आणि त्यांत साल्हेर आहे, ही बातमी आली. ग्रुपवर दिवसभर फटाके फुटले. आता तिथे गर्दी वाढेल. जाणाऱ्यांना एवढंच सांगणं की पाणी भरपूर न्या, कचरा परत आणा, पावसाळ्यात त्या पायऱ्यांशी मस्ती करू नका, आणि गावातल्या माणसाला सोबत घ्या. त्याच्या घरी जेवा. ती भाकरी विसरणार नाही.

हे वाचायला बाई नाहीत. असत्या तर या लेखातही त्यांनी लाल शाईने काही ना काही काढलं असतं. त्यांच्या नावाने आपल्या बॅचतर्फे दोन गोष्टी शाळेला देत आहोत. एक, वाचनालयासाठी सभासद बखरीच्या प्रती आणि साल्हेर परिसराचा मोठा नकाशा, वर्गाच्या भिंतीवर लावायला. दोन, नववीच्या कळसूबाई सहलीच्या बसचं भाडं, पुढची पाच वर्षं. त्याला एकच अट घातली आहे. कळसूसारखीच आम्हीही अट घातली म्हणा. शिडीपाशी कुणालाही थांबवायचं नाही. ज्याला किंवा जिला थांबायचं असेल, त्यांनी आपलं आपण सांगायचं, आणि त्यांच्याजवळ बसून गोष्ट सांगायला एक शिक्षक राहील.